नदीपल्याडची इंग्रजी

मोहखेड्याच्या भिकुबाईला कुणी शिवी दिली तर तिला राग येत नसे. ती आधी शिवी तपासून बघे. शिवी नवी आहे का, नेमकी बसली का, शेवटाला जोर आहे का? शिवी साधारण निघाली, की मात्र तिचं डोकं फिरायचं. "आठ वरीसनी पोर बी यानापेक्षा बरी शिवी दी," असं सांगून ती समोरच्याला वाटेला लावायची. बरेच जण तिच्याशी भांडायला जात आणि शिकून परत येत.

पारोळा तालुक्यात बोरी नदीच्या अलीकडे मोहखेडं आणि पलीकडे दहीगव्हाण. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. बाप्ये दिवसभर पत्ते कुटतात आणि त्या दिवशी त्यांना कुणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी बायका नदीवर जातात आणि दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात. हे खानदेशात पुष्कळ गावांत आहे. या दोन गावांचा मात्र त्यात एक खास कायदा होता. मेलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही, कुणाच्या रिकाम्या कपाळावरून की रिकाम्या कुशीवरून बोलायचं नाही, बाकी सगळं माफ. शिवीला शिवीनंच उत्तर द्यायचं, आणि ज्या शिवीला उत्तर मिळालं नाही ती वर्षभर त्या गावावर राहायची. बाजारात, लग्नात, पिठाच्या चक्कीवर, कुठेही समोरच्या गावच्या माणसानं ती ऐकवावी आणि शिवी राहिलेल्या गावानं पुढच्या आखाजीपर्यंत मुकाट ऐकून घ्यावी.

अठ्ठ्याहत्तर साली भिकुबाईनं सांगितलं होतं, की दहीगव्हाणच्या बायकांची भाकर कुत्रंसुद्धा आधी हुंगतं आणि मग विचार करतं. उत्तर आलं नाही. त्या वर्षी दहीगव्हाणच्या प्रत्येक पंगतीत पाहुणे भाकर नाकाशी नेऊन मगच खात होते. भिकुबाई मोहखेड्याचीच लेक आणि मोहखेड्याचीच सून, त्यामुळे तिची एकही आखाजी हुकली नव्हती. तीस वर्षांत तिनं गावावर एक शिवी राहू दिली नाही. पलीकडे दगडीबाई म्हणून तिच्याच वयाची एक बाई होती. तिचा घसा मोठा आणि डोकं तेज, पण ऐन वेळी ती स्वतःच्याच शिवीला हसायची आणि तिथेच हरायची.

अशा बाईची नात कशी असावी? झुलाल हा भिकुबाईचा एकुलता एक मुलगा. त्यानं पोरीचं नाव कोकिळा ठेवलं, आणि पोरगी सातवीत गेली तरी तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पुडीचा कागद असो की खताची गोणी, मिळेल ते वाचायची. विचारलं तर मान हलवायची. "हाई मनी नात शे का सोयरासनी?" असं भिकुबाई सुनेला विचारायची, पण पोरीवर तिचा जीव होता. स्वतः दुसरीतून शाळा सोडून म्हशींमागे गेलेली ही बाई, नात पुस्तक घेऊन बसली, की घरात कुणाला मोठ्यानं बोलू द्यायची नाही.

गावची शाळा सातवीपर्यंत. आठवीला पारोळ्याला जावं लागे, नऊ किलोमीटर. पोरं सायकलनं जात. पोरींची शाळा सातवीच्या निकालाबरोबर संपायची. साल होतं नव्वद. झुलालनं कोकिळेसाठी दोंडाईचाकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. झुलाल माणूस वाईट नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की पोर घरी बसून काय करील?

"शिकी," भिकुबाई म्हणाली.

"कठे शिकी? शाळा कठे शे आठवीनी?"

याला तिच्याजवळ उत्तर नव्हतं. तीस वर्षांत पहिल्यांदा उत्तर नव्हतं, आणि तेही पोटच्या पोरानं विचारलेल्या प्रश्नाला. तिला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आठवीचा वर्ग गावात मिळावा म्हणून ग्रामपंचायतीनं अर्ज केलाच होता. मार्च महिन्यात विस्तार अधिकारी शाळा बघायला आले. नाव रुपचंद, पण साहेब झाल्यावर नाव कोण घेतो? राहायला धुळ्याला, एस.टी.नं रोज जाऊन येऊन करत आणि त्याचा शीण भेटेल त्या शाळेवर काढत. ते पाचवी ते सातवीच्या पोरींसमोर उभे राहिले आणि विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?" बावीस पोरींनी आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. एकीला तर रडू फुटलं.

"सरकारनं इंग्रजी पाचवीपासून सक्तीची केली आहे," साहेब म्हणाले. "ज्यांना सातवीत स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्यांना आठवी कशाला हवी? माझी मुलगी धुळ्याला सातवीतच आहे. इंग्रजी सुरू झाली की थांबत नाही. आखाजी झाली की मी परत येतो. पोरी इंग्रजीत बोलल्या तर शिफारस करीन, नाहीतर तुमची फाईल बंद." हा काही सरकारचा नियम नव्हता. साहेबांनी तो तिथल्या तिथे केला होता, पण गावाला दोन्ही सारखेच.

सगळ्यांनी तोताराम गुरुजींकडे बघितलं. गुरुजी काय करणार? ते पाचवीत गेले त्या सुमारास सरकारनं खालच्या वर्गांतून इंग्रजी काढून टाकली होती. सातवीची फायनल पास होऊन ते शिक्षक झाले, चांगले रुळले, आणि मग सरकारला इंग्रजीची आठवण झाली. आता निवृत्तीला पाच वर्षं उरली असताना ते रात्री गाईड पाठ करून सकाळी शिकवत. फळ्यावर लिहीत सुंदर. वाचून दाखवायची वेळ आली, की त्यांना खोकला येई.

साहेब गेले त्याच संध्याकाळी भिकुबाई त्यांच्या ओसरीवर येऊन बसली.

"गुरुजी, इंग्रजीमा शिव्या शेतस का?"

गुरुजींना खरोखरचा खोकला आला. "भिकुबाई, पुस्तक सरकारी आहे."

"मंग शब्द तं व्हतीन? म्हैस शे का? गधडा शे का? नाक, तोंड, जाडी, आळशी?"

"ते सगळं आहे."

"बठ्ठं शे ना? मंग शिवी आम्ही करसूत." ती पुढे सरकली. "मी सांगस तुमले. आमन्या पोरी मुक्या नहीत. नदीवर कशा बोलतस? तठे जवाब नही दिधा तं गावले वरीसभर खाली मान घालनी पडस. शाळामा जवाब नही दिधा तं कोनलेच काही नही व्हत. पोर कशाले तोंड उघाडी?"

छत्तीस वर्षांच्या नोकरीत गुरुजींनी पुष्कळ प्रशिक्षणं घेतली होती. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पुस्तकाच्या मागची शब्दांची यादी उघडली आणि वाचायला घेतली. भिकुबाईला अर्थाशी देणंघेणं नव्हतं. ती डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होती. 'बफेलो' तिला एकदम पटला. 'डाँकी' चालेल म्हणाली. 'लिटल'मध्ये दम नाही म्हणून काढून टाकला. 'पम्पकिन' तिनं तीनदा म्हणायला लावला आणि म्हणाली, "हाऊ दगडीसाठे ठेवा."

पुढचा महिनाभर रोज संध्याकाळी भिकुबाईच्या खळ्यात इंग्रजीचा वर्ग भरला. अकरा पोरी या कडेला, दहा त्या कडेला, हात कमरेवर. गुरुजी पुस्तकातलं वाक्य घ्यायचे आणि त्यातला एक शब्द बदलायचे. 'धिस इज अ बफेलो'चं 'यू आर अ बफेलो' झालं, तेव्हा पोरींना पहिल्यांदा कळलं की ही भाषा उपयोगाची आहे. जी पोर पुटपुटेल तिला भिकुबाई परत उभी करायची. "पल्याड गयं पाहिजे! नदी शे मधमा!" कोकिळा तेवढी ओट्यावर बसून वाक्यं वहीत उतरवून घेई. गुरुजींना 'इज' की 'आर' अशी शंका आली, की ते हळूच तिच्याकडे बघायचे. ती एक किंवा दोन बोटं वर करायची. ती कधी चुकली नाही, आणि हे गुरुजींशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

आखाजी आली. दुसऱ्या दिवशी दोन्ही काठ भरले. सुरुवात रीतसर अहिराणीत झाली. भिकुबाईनं आणि दगडीबाईनं एकमेकींच्या घराण्याचा, गाईगुरांचा आणि जावयांचा समाचार घेतला. मग भिकुबाईनं हात वर केला आणि बाजूला झाली. पोरी पुढे आल्या.

"यू आर अ पम्पकिन!"

पलीकडे कुणालाच अर्थ लागेना. दगडीबाईनं शेजारणीला विचारलं, तिनं तिच्या शेजारणीला. तोवर दुसरी आली, तिसरी आली. "युवर नोज इज अ पोटॅटो! युवर व्हिलेज इज डर्टी!" दहीगव्हाणच्या बायका आधी हसल्या, मग घाबरल्या, मग चिडल्या. प्रत्येक शिवी अंगावर राहत चालली होती, आणि आपल्यावर काय राहतंय हेही कळत नव्हतं.

"हाई नही चालाव!" दगडीबाई ओरडली. "हाई आपली बोली नही!"

"आपला कायदामा कठे लिखेल शे?" भिकुबाई ओरडली. "सरकारनी सक्तीनी करेल शे! सरकारले विचार!"

दगडीबाईनं शेवटी चिडून भिकुबाईच्या पडलेल्या दातांवर तोंड टाकलं. भिकुबाई उत्तर द्यायला वळते तोच ओट्यावरची ती मुकी पोरगी गर्दीतून पुढे घुसली. कान लाल झालेले, हातात वही.

"माय ग्रँडमदर हॅज नो टीथ! यू हॅव टीथ, बट यू हॅव नो आन्सर!"

हे वाक्य गुरुजींनी दिलेलं नव्हतं. ते पुस्तकातही नव्हतं. झाडाखाली पत्ते खेळत बसलेल्या गुरुजींच्या हातातले पत्ते खाली पडले, आणि सगळ्यांनी त्यांचे पत्ते बघून घेतले. भिकुबाईला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण शेवटाला जोर होता. ती नातीकडे बघतच राहिली आणि पुढची शिवी द्यायचं विसरली.

आठवड्यानं सकाळच्या शाळेला साहेब आले. पोरी रांगेत बसल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?" बावीस पोरींनी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं.

गुरुजींचा चेहरा पडला. खिडकीत उभ्या असलेल्या भिकुबाईनं मात्र कपाळावर हात मारून घेतला. चूक कुठे झाली ते तिला लगेच कळलं. तिनं पोरींना ओरडून बोलायला शिकवलं होतं, उभ्यानं, कमरेवर हात ठेवून, मध्ये नदी असताना. मांडी घालून, शेजारी उभ्या माणसाशी, हळू आवाजात इंग्रजी बोलतात, हे त्यांना माहीतच नव्हतं. तशी इंग्रजी त्यांच्या दृष्टीनं असायचं कारणच नव्हतं.

"सायेब," ती खिडकीतून म्हणाली, "तुम्ही नदीना पल्याड जा."

"काय?"

आता तोताराम गुरुजी उभे राहिले. आयुष्यात ते कधी साहेबासमोर विचारल्याशिवाय बोलले नव्हते. "साहेब, आमचा इंग्रजीचा तास नदीवर होतो. तपासणारे पलीकडच्या काठावर उभे राहतात."

"हे कोणत्या परिपत्रकात आहे?"

"तास खोलीतच घ्यावा, असंही कोणत्या परिपत्रकात नाही, साहेब." एवढं बोलून ते खाली बसले आणि त्यांनी घाम पुसला.

साहेब का गेले, हे त्यांचं त्यांनाच माहीत. असल्या शाळा बघून बघून कंटाळले असतील. मे लागला होता, नदी कोरडी. बुटात वाळू भरून घेत ते पलीकडे गेले. तिथे डबक्यावर दगडीबाई आणि चारपाच बायका धुणं धूत होत्या. कुणीतरी शिकलेला माणूस आपल्या बाजूला उभा राहतोय म्हटल्यावर त्यांनी धुणं टाकलं आणि त्या त्यांच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या.

"व्हॉट इज युवर नेम?" साहेब ओरडले.

समोर एकवीस पोरींचे हात कमरेवर गेले. एकेकीनं आपलं नाव असं फेकलं, की डबक्यावरचे बगळे उडाले. आणि लगोलग, "यू आर अ थिन मॅन! युवर बॅग इज ओल्ड! युवर शूज आर डर्टी!" साहेबांनी खाली बुटांकडे बघितलं. वाक्यात चूक नव्हती. माहितीतही नव्हती. त्यांनी कागदावर खूण केली.

"सायेब, जवाब द्या!" मागून दगडीबाईनं त्यांना कोपरानं ढोसलं. "नही तं आमनावर ऱ्हाई जाई वरीसभर! तुमले येस ना इंग्रजी?"

"अहो बाई, मी तपासणीला—"

"द्या जवाब!"

साहेबांनी घसा खाकरला. "यू आर नॉटी गर्ल्स!"

दहीगव्हाणच्या बायकांनी असा गलका केला, की साहेब दचकले. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या वाक्यावर कुणी आनंदानं ओरडलं नव्हतं. त्यांना चेव आला. "युवर रिव्हर हॅज नो वॉटर!"

"इट इज युवर रिव्हर ऑल्सो!" पलीकडून उत्तर आलं. साहेब चक्क हसले. गुरुजींनी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं.

तेवढ्यात कोकिळा पुढे आली. तिनं हात कमरेवर ठेवले नाहीत. वहीही आणली नव्हती.

"सर! युवर डॉटर इज इन सेव्हन्थ!"

"येस!"

"आय अ‍ॅम इन सेव्हन्थ!"

"येस, गुड!"

"शी विल गो टू एट्थ! आय विल गो टू माय हजबंड्स हाऊस! व्हाय, सर?"

साहेबांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. दगडीबाईनं वाट बघितली. "काय सांगं तिनी? द्या ना जवाब!" तिनं परत ढोसलं. साहेब समोर बघत होते. वाळूवर ऊन चढत होतं.

"ऱ्हाई गयी," शेवटी दगडीबाई म्हणाली. "सायेबवर ऱ्हाई गयी."

तिथला कायदा त्यांना कुणीतरी परतीच्या वाटेवर समजावून सांगितला असावा. शाळेच्या पायरीवर बसून त्यांनी दोन्ही बूट काढून वाळू झटकली आणि तिथेच, गुरुजींचं पेन मागून, शिफारस लिहिली. चहा घेतला नाही. जाताना भिकुबाईला हात जोडले आणि एस.टी. गाठायला निघून गेले.

त्या संध्याकाळी भिकुबाईनं नातीला जवळ घेतलं. "काय शिवी दिधी व तू त्याले?"

"शिवी नही दिधी, आजी. विचारं." आणि कोकिळेनं तिला तेच अहिराणीत सांगितलं. झुलाल दारात बैल बांधत होता. त्याच्या हातातलं दावं हातातच राहिलं. भिकुबाईनं त्याच्याकडे बघितलं नाही, पण बोलली त्याला ऐकू जाईल अशी. "मन्या बठ्ठ्या शिव्या यानापुढे पानी शेत."

जुलैत आठवीचा वर्ग आला. दोंडाईचावाल्यांना झुलालनं 'थांबा' म्हणून निरोप धाडला; ते थांबले नाहीत, आणि त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. पहिल्याच दिवशी नदी ओलांडून दहीगव्हाणच्या सात पोरी वर्गात हजर झाल्या. त्यांना दगडीबाई स्वतः घेऊन आली होती. "पम्पकिन म्हंजे काय ते आधी शिकाडा," तिनं गुरुजींना सांगितलं. "मंग त्याना जवाब."

पुढच्या आखाजीला दोन्ही काठांवरून इंग्रजी अशी उडाली, की ऐकत राहावं. एका रांगेत बसणाऱ्या पोरी आता समोरासमोर उभ्या होत्या. कुणाची कोणती चूक वर्षभर पकडायची राहिली होती, ती सगळी त्या दिवशी बाहेर आली. कोणत्याच गावावर काही राहिलं नाही. कोकिळा सगळ्यांत पुढे. भिकुबाई मागे लिंबाखाली बसून ऐकत होती. तिला अभिमान वाटत होता, आणि खरं सांगायचं तर थोडं रडूही येत होतं. तासभर झाला, एक शिवी तिला कळली नव्हती. तिच्याकडे वळून बघायलाही कुणाला सवड नव्हती. हे सगळं तिनंच आणलं होतं, आणि आता तिथे तिला जागा नव्हती.

पलीकडे बाभळीखाली दगडीबाई तशीच एकटी बसलेली दिसत होती. दोघींची नजरानजर झाली. दगडीबाई हळूहळू उठली, दोन्ही हातांचा कर्णा केला, आणि पोरींच्या त्या गदारोळावरून तिचा जुना घसा आला:

"भिके, वं! दात तं गयातच, आते शिव्या बी सरी गयात का?"

पोरी बाजूला सरकल्या. कोकिळेनं वळून आजीकडे बघितलं. दगडीबाई या वेळी हसली नव्हती.

भिकुबाईनं शिवी तपासून बघितली. नवी होती, नेमकी बसली होती, शेवटाला जोर होता. तिनं डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि उत्तर द्यायला उठली.